आमची वाटचाल : थ्री-पिनची पिन शाबूत ठेवून

माउस हलवला की स्पीकरमधून चिरचिर, स्क्रीनवर पान सरकवलं की बारीक शीळ, आणि काहीच वाजत नसताना तळाशी १०० हर्ट्झची भुणभुण. या तीन तक्रारींवर आमचा धंदा उभा आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ॲम्प्लिफायर विकणारे पुष्कळ. घरी येऊन आवाज नेमका कुठून शिरतो ते शोधून देणारे तेव्हाही थोडे होते, आजही थोडेच आहेत.

हत्यारं साधी. मल्टिमीटर, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावलेली जाड वायर, आणि मधली पिन व बाहेरची कडी सोल्डरने एक केलेला आरसीए प्लग (ॲम्प्लिफायरच्या मागे ऑडिओ केबल लावायचा गोल प्लग). याला आम्ही शॉर्टिंग प्लग म्हणतो. केबल काढून हा ॲम्प्लिफायरच्या इनपुटला लावायचा. शांत झालं तर ॲम्प्लिफायर निर्दोष. भुणभुण तशीच राहिली तर कॉम्प्युटरच्या मागे लागू नका, ॲम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर तपासा. मग केबल परत लावून क्लिपवाली वायर कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूपासून ॲम्प्लिफायरच्या चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडायची. भुणभुण उतरली की ग्राउंड लूप, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थिंगच्या तारा आणि ऑडिओ केबल मिळून झालेलं बंद वर्तुळ, सापडला, कारण आरसीएच्या शील्डमधून (केबलच्या बाहेरच्या जाळीतून) जाणाऱ्या करंटला जाड वाट मिळाली. शील्डचा रोध ०.०५ ओहम आणि करंट २० मिलिॲम्पिअर धरा, १ मिलिव्होल्ट होतो. लाइन लेव्हल (केबलमधून येणारा नेहमीचा सिग्नल) ०.३१६ व्होल्ट, म्हणजे गडबड सिग्नलच्या जेमतेम ५० डेसिबल खाली. रात्री ती ऐकू येणारच.

लॅपटॉप असेल तर सगळ्यात आधी चार्जर काढून बॅटरीवर ऐका. अर्धी उत्तरं तिथेच मिळतात.

लूप सापडला की तो तोडायला आम्ही ऑडिओ केबलच्या मधे छोटे ट्रान्सफॉर्मर बसवतो. हे ट्रान्सफॉर्मर आम्हाला आमच्या पहिल्या भागीदारांनी दिले. परळच्या खोलीत ते स्वतः गुंडाळायचे, म्यूमेटल या खास चुंबकीय मिश्रधातूच्या कोअरवर, १० किलोओहमला १० किलोओहम. सिग्नल चुंबकातून पलीकडे जातो, शील्डची तार मधेच तुटते, लूप संपतो. बाजारातल्या स्वस्त डबीतही हेच असतं, पण तिचा कोअर इवलासा. खालच्या सुरांत तो भरून जातो आणि आवाज फाटतो. हे आम्हाला दादरच्या एका तबलजी गुरुजींनी दाखवून दिलं. त्यांच्याकडे कोणीतरी तशी डबी बसवली होती. भुणभुण गेली होती, पण डग्ग्याची मींड खाली उतरताना विरून जायची. आमचा ट्रान्सफॉर्मर लावल्यावर त्यांनी तोच कायदा तीनदा वाजवून ऐकला आणि मान डोलावली.

आता त्या माणसाबद्दल, ज्याचं नाव घेणार नाही. आमच्याच मजल्यावर त्यानं गाळा घेतला आणि ‘पाच मिनिटांत शांतता’ अशी पाटी लावली. युक्ती एकच : कॉम्प्युटरच्या प्लगची अर्थची पिन पकडीनं कापायची. लूप तुटतो, आवाज जातो, गिऱ्हाईक खूश. आम्ही अर्धा दिवस घेऊन पैसे मागायचो, तो चहा गार व्हायच्या आत मोकळा व्हायचा. आमची गिऱ्हाइकं तिकडे वळली, भाडं थकलं, गाळा सोडायची वेळ आली.

त्यानं जे केलं ते किती घातक, हे कोणी ऐकून घेत नव्हतं. एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमधले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलवरून कॅबिनेटला टेकलेले असतात. अर्थ कापला की कॅबिनेट सुमारे ११५ व्होल्टवर तरंगतं आणि हात लावला की झिणझिण्या येतात. हे निदान सुसह्य. पण आतली फेज कधी कॅबिनेटला टेकली तर २३० व्होल्टला परत जायला वाटच उरत नाही, एमसीबी पडत नाही, आणि तीच फेज शील्डवरून ॲम्प्लिफायरच्या प्रत्येक नटबोल्टवर येते. पावसाळ्यात ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून कोणी व्हॉल्यूम फिरवला तर? पुढे त्याच्या गिऱ्हाइकांना झटके बसू लागले, तेव्हा काहींनी ते काम आमचंच म्हणून सांगितलं. ते अजून सलतं.

तेव्हा गुरुजींनी आपले शिष्य एकेक करून आमच्याकडे पाठवले आणि गाळा राहिला. पुढची वर्षं कामात गेली.

तुम्ही स्वतः करणार असाल तर कॉम्प्युटर, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच थ्री-पिन बोर्डावर आणा. ६ ॲम्पिअरचं सॉकेट १,३८० वॅट देतं, घरगुती सेटला भरपूर झालं. मग सेट-टॉप बॉक्सची कोॲक्स, म्हणजे टीव्हीची जाड गोल केबल, काढून ऐका. गच्चीवरून येणाऱ्या त्या तारेच्या शील्डवरून शेजारच्या इमारतीचं अर्थिंग तुमच्या घरात येतं. हेडफोन पुढच्या भोकात लावू नका. तिथली आतली तार बहुधा ग्राफिक्स कार्डाला घासून जाते, मागचं भोक वापरा. डॅकला (डिजिटल सिग्नलचा आवाज करणाऱ्या डबीला) ऑप्टिकल इनपुट असेल तर तेच घ्या, प्रकाशातून अर्थ जात नाही. आणि यूएसबी आयसोलेटर, म्हणजे यूएसबीच्या तारेतला लूप तोडणारी डबी, घेताना वेग विचारा. स्वस्त डब्या १२ मेगाबिटच्या असतात. स्टिरिओ २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत ठीक चालतात, पण ४८० मेगाबिट मागणारा ऑडिओ इंटरफेस (यूएसबीवर लावायचं बाहेरचं साउंड कार्ड) त्यावर नीट चालत नाही आणि दोष मात्र इंटरफेसला दिला जातो.