पोटात सिमेंट

मानसोपचार वॉर्डातल्या नर्सेस आणि परिचरांना शारीरिक आजार ओळखायला शिकवणं हे माझं काम. त्या दिवशी विषय अगदी साधा ठेवला होता, श्वास मोजणे. चार्ट उघडून बघितला तर श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत १८, १८, १८. झोपलेल्यालाही १८ आणि येरझाऱ्या घालणाऱ्यालाही १८. हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. बीपी आणि नाडी मशीन सांगतं. श्वास मात्र एक मिनिट उभं राहून मोजावा लागतो, म्हणून तो अंदाजपंचे लिहिला जातो. खरं तर तब्येत बिघडायला लागली की पुष्कळदा पहिल्यांदा तोच वाढतो.

म्हटलं, चला, प्रत्येकाने एकेक पेशंट घ्या आणि पूर्ण मिनिट मोजा. नवा लागलेला एक परिचर परत आला आणि म्हणाला, "मॅडम, २८ आले. चुकलं असेल माझं." मी स्वतः जाऊन मोजले. चुकलं नव्हतं.

पेशंट तिशीतला, क्लोझापीन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधावर असलेला. भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन पडला होता. "काय होतंय?" विचारल्यावर म्हणाला, "शेजाऱ्याने पोटात सिमेंट ओतलंय." सिस्टर हळूच म्हणाल्या, "चार दिवस हेच चाललंय त्याचं." केसपेपरवरही तसंच लिहिलेलं: भ्रम कायम, डोस वाढवण्याचा विचार. त्याला विचारून शर्ट वर केला. पोट ढोलासारखं फुगलेलं, हात लावला की तो कळवळत होता. नाडी १२४. क्लोझापीनने नाडी तशीही वाढते, त्यामुळे त्या आकड्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं.

"संडासला कधी झाली?" या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. चार्टवर दोन दिवसांपूर्वी 'जुलाब' अशी नोंद होती आणि त्यावरून रेचक बंद केलेलं होतं. इथेच गोची होते. मळ घट्ट होऊन अडकला की त्याच्या बाजूने पातळ पाणी झिरपतं, ते जुलाबासारखं दिसतं. क्लोझापीन आतड्यांची हालचाल फार मंदावतं. त्यात हा लाळ गळते म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिलही घेत होता, तेही बद्धकोष्ठता वाढवणारंच. क्लोझापीनने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून त्यांची तपासणी सगळे न चुकता करतात. आतडं बंद पडून माणूस दगावू शकतो हे मात्र फार थोड्यांच्या डोक्यात असतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी जानेवारी २०२० मध्ये याबद्दलचा इशारा आणखी कडक केला, तरीही.

सिस्टरांनी सर्जरीला फोन लावला. "सायकिॲट्रीचा पेशंट आहे सर, पोटात सिमेंट ओतलंय म्हणतो..." पलीकडून उत्तर आलं, "शांत करायचं इंजेक्शन द्या, उद्या ओपीडीत पाठवा." फोन ठेवला गेला. मला त्या डॉक्टरचा राग आला, पण त्याला ऐकवलं काय गेलं होतं तेही बघायला हवं. मी सिस्टरांना म्हटलं, पुन्हा लावा. या वेळी आधी आकडे, मग पोट, मग औषध आणि निदान सगळ्यात शेवटी. त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं: "श्वास २८, नाडी १२४, बीपी १००/६०. पोट फुगलेलं, हात लावला तरी दुखतंय. सकाळपासून दोन उलट्या. आतडं बंद करू शकणारं औषध चालू आहे. तुम्ही आत्ता येऊन बघावं." पेशंट तोच, फोन उचलणाराही तोच. वीस मिनिटांत सर्जन वॉर्डात होते. एक्स-रेमध्ये मोठं आतडं मळाने भरून फुगलेलं दिसलं. नाकातून नळी, सलाइन, एनिमा एवढ्यावर निभावलं, पोट उघडावं लागलं नाही. क्लोझापीन थांबवलं. ४८ तासांहून जास्त खंड पडला की ते पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढवत न्यावं लागतं, त्यामुळे मानसोपचाराच्या डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून मांडावं लागलं.

तो वॉर्डात परतला तेव्हा पोट मऊ होतं. शेजाऱ्यानेच सिमेंट ओतलं होतं हे त्याचं म्हणणं मात्र बदललं नाही. मला त्यात विसंगती वाटत नाही. कुणी ओतलं हा आजाराचा भाग. पोट दगड झालं होतं ही वस्तुस्थिती. केसपेपरवर दोन्ही एकाच ओळीत, 'भ्रम' म्हणून गेलं होतं.

तेव्हापासून त्या वॉर्डात क्लोझापीनवरच्या प्रत्येकाच्या चार्टला संडासचा रकाना आहे, आणि पातळ झाली तरी पोटाला हात लावल्याशिवाय रेचक बंद करायचं नाही असं ठरलंय. रात्रपाळीची तक्रार आहे की तीस पेशंटचे श्वास मोजायचे तर अर्धा तास त्यातच जातो आणि पाळीला माणसं दोनच. तक्रार खरी आहे. मी ती अर्जात जशीच्या तशी वर पाठवली आहे, अजून उत्तर आलेलं नाही.