खिडकीतून अर्धचंद्र

पहाटे साडेपाचला बागायतीत ठणठण असा आवाज झाला. आई झोपेतच "माकडां गो" म्हणाली आणि कुशीवर वळली. मी माडीवर गेले तर पुण्याहून सुट्टीला आलेली भाची खिडकीत ओणवी होऊन खाली बघत होती आणि शेजारी आमची मनी, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने, पंजा चाटत बसली होती.

"मावशी, मनीने तुझा स्टीलचा पेला डिफेनेस्ट्रेट केला."

"काय केला?"

"खिडकीतून बाहेर फेकला. इंग्रजीत आहे तसा शब्द."

मला आधी तिची थापच वाटली. पण शब्द खरा आहे, आणि निव्वळ लॅटिन आहे. 'दे' म्हणजे 'पासून, खाली' आणि 'फेनेस्त्रा' म्हणजे खिडकी. बेत ठरवून कुणाला तरी खिडकीबाहेर भिरकावणं या एवढ्याशा कामासाठी इतका भरजरी शब्द! हल्ली इंग्रजी वर्तमानपत्रं एखाद्या पुढाऱ्याला खुर्चीवरून खाली ओढलं की हाच शब्द वापरतात. आपल्याकडे अशा वेळी 'उचलबांगडी' होते, फार चिडलेला असला तर माणूस 'अर्धचंद्र' देतो. म्हणजे तळहाताचा चंद्र करून मानगूट धरायची आणि पाहुण्याला दारापर्यंत पोचवायचं. पण दारापर्यंतच. खिडकीचा विचार मराठीला सुचला नाही, त्याचं कारण मला तरी साधं वाटतं: आपल्या खिडक्यांना गज असतात. आमच्या माडीवरची ही एकच खिडकी बिनगजांची. आजोबांनी कुठल्याशा पाखल्याचं, म्हणजे गोऱ्या पोर्तुगीजाचं, घर बघून ती हौसेने करून घेतली, लाकडी चौकटीत काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या बसवलेली. ऊन आत येतं ते ताकासारखं पांढुरकं होऊन.

शब्दाला खरी कीर्ती मिळाली ती प्रागमध्ये. २३ मे १६१८ रोजी चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी राजवाड्यात घुसून बादशहाच्या दोन कॅथलिक कारभाऱ्यांना, स्लावाता आणि मार्टिनित्स यांना, खिडकीतून खाली टाकलं. त्यांच्या मागोमाग बिचाऱ्या चिटणिसालाही. उंची सुमारे २१ मीटर, आणि तिघेही वाचले! कॅथलिक म्हणाले, मेरीमातेने झेललं. प्रोटेस्टंट म्हणाले, खाली उकिरडा होता. पुढे बादशहाने त्या चिटणिसाला सरदारकी दिली ती 'होहेनफाल', म्हणजे चक्क 'उंच पडझड' या नावाने. ही थट्टा होती की गौरव, ते त्या बादशहालाच ठाऊक. पण त्या प्रकरणातून पेटलेलं युद्ध तीस वर्षं चाललं.

आम्हा गोंयकारांना मात्र प्रागपेक्षा लिस्बनची खिडकी जवळची. १५८० पासून साठ वर्षं पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचेच राजे होते, त्यामुळे ओघाने गोव्याचेही मालक तेच. १ डिसेंबर १६४० ला कटवाले लिस्बनच्या वाड्यात शिरले. स्पेनचा हस्तक म्हणून बदनाम झालेला मिगेल द वास्कोन्सेलुश कपाटात लपला होता. त्याला गोळ्या घातल्या आणि खिडकीतून रस्त्यावर फेकलं. प्रागच्या मंडळींचं नशीब त्याला नव्हतं. पोर्तुगालला आपला राजा परत मिळाला. गलबतं इथे पोचायला महिने लागत. म्हणजे मधले कित्येक दिवस गोव्यात लोक जुन्याच राजाच्या नावाने कागद लिहीत बसले असणार, आपला मालक एका खिडकीपाशी बदलला आहे याचा पत्ता नसताना.

हे सगळं भाचीला रंगवून सांगत होते तेवढ्यात सर आली. खालून आईची हाक, "जनेल धांप गो, पावस भितर येता!"

"जनेल म्हणजे?" भाचीने विचारलं. डिफेनेस्ट्रेशन येतं, जनेल येत नाही. मी उगाचच खूष झाले.

आमच्या घरात वाचणं-लिहिणं मराठी आणि बोलणं कोंकणी, त्यामुळे जनेल, म्हणजे खिडकी, हा शब्द मी पोर्तुगीज म्हणून कधी ऐकलाच नव्हता. फेनेस्त्राचे वंशज फ्रेंचमध्ये आहेत, जर्मनमध्ये आहेत. पोर्तुगीजांनी मात्र तिला 'फ्रेश्ता' करून भिंतीतल्या फटीपुरतं ठेवलं आणि खिडकीसाठी 'जानेला' घेतलं. त्याचं मूळ लॅटिन 'यानुआ', म्हणजे दार. जानेला म्हणजे दारुली, छोटं दार. दारांचा रोमन देव यानुस, दोन तोंडांचा. वर्षाच्या उंबरठ्यावरच्या महिन्याला त्याचं नाव मिळालं. म्हणजे जनेल आणि जानेवारी एकाच घरच्या.

गंमत पुढेच आहे. आपली 'खिडकी' ज्या 'खडक्किका' शब्दाशी नेऊन जोडतात, त्याचा संस्कृतातला अर्थ बाजूचं, खाजगीतलं दार. इंग्रजी 'विंडो' म्हणजे जुन्या नॉर्स भाषेतला वाऱ्याचा डोळा. आणि संस्कृतात वारा 'वातायना'त बसलाय, डोळा 'गवाक्षा'त. पण आमच्या घरातल्या दोन्ही शब्दांचं म्हणणं एकच, खिडकी हे दारच, फक्त धाकटं. तसं असेल तर प्रागच्या सरदारांनी वेगळं काय केलं? पाहुण्यांना दारच दाखवलं की!

भाचीला हा युक्तिवाद पटला नाही. "दारातून माणूस चालत जातो, मावशी," ती म्हणाली आणि जनेल ओढून घेतलं.

पाऊस थांबल्यावर पेला सुपारीच्या झाडाखाली सापडला, बुडाला पोचा येऊन. चौकटीवर मी आता जड पितळी गडू ठेवलाय. मनी दोनदा येऊन त्याला हुंगून गेली आहे.