भोसरीतल्या त्या सहा टेप

मी पुण्यात छोट्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट, बघतो, वीस वर्षं होऊन गेली. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे व्हायरस काढायचे आणि प्रिंटर चालू करायचे. खरं जोखमीचं काम बॅकअपचं, आणि त्याच्यावर खर्च करा म्हटलं की सगळे तोंड फिरवतात.

२३ सप्टेंबर २०११, शुक्रवार. भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी, म्हणून सगळ्या भानगडी शुक्रवारी सकाळी बाहेर येतात. सव्वानऊला एका मशीन शॉपच्या अकाउंटंट काकांचा फोन, "अरे, सर्व्हर चालूच होत नाहीये रे, टॅली उघडत नाही." टॅली म्हणजे त्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर. टॅक्स ऑडिटची शेवटची तारीख ३० सप्टेंबर, म्हणजे हातात आठवडा. जाऊन बघतो तर सर्व्हरच्या मिररमधल्या, म्हणजे एकच डेटा दोन्हीवर लिहिणाऱ्या, दोन डिस्कपैकी एक आधीच कधीतरी मेलेली, दुसरी आदल्या दिवशी गेली. साहेबांची समजूत अशी की दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप आहेच. हे मी अजूनही दर महिन्याला कुठे ना कुठे ऐकतो.

पण मी निर्धास्त होतो, कारण बॅकअपची टेप होती. डॅट-७२ जातीचा टेप ड्राइव्ह, ३६ जीबीची चिमुकली टेप, आतली फीत फक्त ४ मिलिमीटर रुंद. काकांकडे सहा टेप, शुक्र ते बुध, प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात वाराची चिठ्ठी. रोज साडेसहाला टेप बदलायची, कालची गोदरेजच्या कपाटात ठेवायची आणि रजिस्टरमध्ये तारीख, वार, सही. चार वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. एवढी शिस्त मी मोठ्या कंपन्यांतही बघितली नाही.

नवीन डिस्क टाकून सिस्टीम चढवली, बुधवारची टेप घातली आणि ड्राइव्हचा क्लीनिंगचा दिवा लुकलुकायला लागला. टेप आत जाते, कुरकुरते, बाहेर येते. लेथवरची धूळ आणि कूलंटचा ओलसर तेलकटपणा ऑफिसपर्यंत येतोच, तो हेडवर, म्हणजे फीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागावर बसतो. ड्राइव्हच गेला असं समजून मी एका ओळखीच्या डीलरकडून तसाच दुसरा ड्राइव्ह मागून आणला, त्याची केबल वगैरे सगळं जोडलं, तर त्याच्यात सहाच्या सहा टेप वाचल्या जाईनात.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. या ड्राइव्हमध्ये हेड फिरत असतं आणि फितीवर तिरक्या रेघांत लिहितं. जुन्या ड्राइव्हचं हेड हळूहळू सरकलेलं, त्यामुळे तो लिहायचा तिरपं आणि वाचायचाही तितकंच तिरपं. रोज रात्री व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं परत वाचून तपासणं, त्याच ड्राइव्हवर, म्हणून लॉगमध्ये रोज सक्सेसफुल. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही ड्राइव्हला ते अक्षर लागणार नव्हतं.

मग जुनाच ड्राइव्ह परत लावला, क्लीनिंग टेप तीनदा फिरवली आणि वाट बघत बसलो. बुधवारची टेप वाचली गेली नाही, मंगळवारचीही नाही. सोमवारची लागली. ड्राइव्ह धडधाकट असता तर सेकंदाला तीन-साडेतीन एमबी, पण हा थांबत, मागे जात, परत प्रयत्न करत रात्री दीडपर्यंत चालला. काका घरी गेले नाहीत. एकदा एवढंच म्हणाले, "मग चार वर्षं मी कपाटात काय ठेवत होतो रे?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या मशीनवर एकदाही रिस्टोअर करून, म्हणजे टेपवरचा डेटा परत उतरवून, बघितलं नव्हतं, आणि ते काम माझं होतं, त्यांचं नाही.

दोन दिवसांच्या एंट्र्या चलनांवरून परत मारल्या, ऑडिट वेळेत झालं.

नंतर साहेब म्हणाले एलटीओ, म्हणजे मोठ्या क्षमतेच्या टेपचा ड्राइव्ह, घेऊ का. मी सरळ नाही म्हटलं. नुसत्या ड्राइव्हच्या पैशात त्यांचा अख्खा सर्व्हर आला असता, आणि ड्राइव्ह बिघडला की परत तसलाच शोधत फिरायचं. यूएसबीची डिस्क कुठल्याही लॅपटॉपला लावा, त्यांच्या टॅलीच्या डेटाचं फोल्डर समोर दिसतं. तीन डिस्क सांगितल्या. तेवढ्यात थायलंडला पूर आला, हार्डडिस्कचे भाव भराभर चढले, साहेब म्हणाले थांबू. मी थांबू दिलं नाही.

टेपची एक गोष्ट मात्र मी मानतो, ती कपाटात असली की तिला कोणी हात लावू शकत नाही. डिस्क घेतली की लोक ती कायमची लावून ठेवतात. २०१७ नंतर रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, सुळसुळाट झाला तेव्हा माझ्या दुसऱ्या एका क्लायंटकडे सर्व्हर आणि त्याला लावलेली बॅकअपची डिस्क एकाच रात्री लॉक झाली. भोसरीत असं होणार नाही, कारण काकांनी डिस्कवरही वाराच्या चिठ्ठ्या लावल्या. एक डिस्क लागलेली, एक कपाटात, एक साहेबांच्या घरी.

त्या ऑक्टोबरात काकांनी रजिस्टरमध्ये पट्टीने एक नवा रकाना आखला, 'दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिले', आणि पहिली सही माझी घेतली. काका आता रिटायर झालेत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी अजून जातो, त्यांच्या जागी आलेली मुलगी तिच्या लॅपटॉपवर डिस्क लावते, आदल्या दिवशीचं शेवटचं व्हाउचर उघडते, आणि मग मी सही करतो.