बाभळीची धग
आज पहाटे धायरीत चांगलीच थंडी होती. आईला चुलीवर तापवलेल्याच पाण्याने आंघोळ हवी असते, आणि ४५ मिनिटं झाली तरी पाणी कोमटच. नुसता धूर. लाकडं आंब्याची, दिवाळीनंतर तोडलेली, आतून ओली. त्यांची बरीचशी धग आतल्या पाण्याची वाफ करण्यातच जाते. शिवाय चूल राखेने भरलेली, मग हवा शिरणार कुठून? राख ओढली, वाळक्या बाभळीच्या ढलप्या लावल्या, मधे बोटभर फट ठेवली. फुंकणीसुद्धा लागली नाही. २० मिनिटांत पाण्याला आधण आलं! आंब्याच्या लाकडाला बाभळीची धग नाही, आजी म्हणायचीच. ओले ओंडके फोडून पडवीत रचलेत, पुढच्या थंडीसाठी. आई आंघोळ करून उन्हात बसली तेव्हा तिचे हात हातात घेतले. छान ऊबदार होते.