एक ‘ओरिजिनल कलर’ यादीतून कटाप
या महिन्यात नवीन काहीच घेतलं नाही, आहेत तेच नकाशे बाहेर काढून भिंगाखाली परत बघायला बसलो आणि पहिल्याच रविवारी पस्तावलो. बेलँ या अठराव्या शतकातल्या फ्रेंच नकाशाकाराचा जो छोटा नकाशा तीन वर्षं माझ्या संग्रहाच्या यादीत ‘ओरिजिनल कलर’ (म्हणजे छपाईच्या काळातच हाताने रंगवलेला) म्हणून मिरवत होता, त्याच्यापुढे आता ‘नंतर रंगवलेला’ असं लिहावं लागलंय.

छपाई अस्सल आहे, त्यात वाद नाही. उजेडासमोर धरला की लेड (laid, म्हणजे तारांच्या साच्यावर केलेल्या) कागदाच्या बारीक रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या, लांब अंतरावरच्या चेन लाइन्स सरळ दिसतात, तांब्याच्या प्लेटचा दाब कडेला बोटाला लागतो, 10एक्स भिंगात रेघ अखंड दिसते, आधुनिक ऑफसेट छपाईचे ठिपके नाहीत. घोळ फक्त रंगाचा.

झालं असं की मधल्या घडीवर एक केसाएवढी भेग आहे आणि हिरवा रंग त्या भेगेच्या आत उतरलाय! रंग आधी आणि भेग नंतर असती तर आतला कागद कोरा निघाला असता ना. मग खात्री करायला कसरीने पाडलेलं भोक बघितलं, तर त्याच्याही कडेला गुलाबी रंग साचून गडद रिंग झालेली. म्हणजे आधी किड्याने खाल्लं, मग कोणीतरी ब्रश फिरवला. इतकी वर्षं मी समोरूनच कौतुक करत बसलो होतो.

खरं तर आधीच शंका यायला हवी होती. हा नकाशा प्रेव्हो या फ्रेंच लेखकाच्या प्रवासवर्णनांच्या संचातला, तो संच 1746 पासून निघायला लागला आणि त्यातले नकाशे सहसा बिनरंगीच असायचे. असे नकाशे मुळात काळेपांढरेच बरे दिसतात, हे माझं मत, भांडायचं तर भांडा.

मागची बाजूही बघितली, हिरव्याचा तपकिरी डाग कुठेच उमटलेला नाही. पण नुसत्या त्यावरून निकाल देऊ नका. तांब्यापासून केलेला व्हर्डिग्री हिरवा कागद जाळत मागे उमटतो हे खरं, पण निळीत पिवळा मिसळून केलेला हिरवा कितीही जुना असला तरी असं करत नाही. उलट जुना दिसावा म्हणून मागून तपकिरी फासणारेही आहेत. भेगेचा पुरावा मात्र पक्का.

दुसरीकडे एका जुन्या डच नकाशाचा हिरवा पट्टा मागे मस्त तपकिरी उमटलाय, पण तिथे कागद इतका ठिसूळ झालाय की हात लावायची भीती वाटते. ओली खळ लावून मागून कागद चिकटवणार होतो, थांबलो ते बरं झालं, ओलाव्याने तांबं आजूबाजूला पसरतं. आता तो अ‍ॅसिड-फ्री फोल्डरमध्ये आडवा ठेवलाय.

टॅलिस या इंग्रज प्रकाशकाच्या 1851 च्या अ‍ॅटलासमधले चार नकाशे तपासायचे राहिलेत. त्यांच्यात फक्त सीमेपुरता रंग, तेवढं पटकन होईल. घड्या मात्र आधी बघणार.