कॉब्लर आणि आण्णांची आरी

परभणीच्या एसटी स्टँडाबाहेर, लिंबाखाली बसून आण्णांनी तीस वर्षं जोडे शिवले. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या धंद्यापुढं मी 'व्यापार' लिहायचो. सध्या मी इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनला राहतो, आणि हे गाव जोड्यांच्या धंद्यावरच मोठं झालंय. इथल्या फुटबॉल क्लबचं टोपणनावच 'द कॉब्लर्स'. क्लब १८९७ सालचा. सामन्याच्या दिवशी म्हातारेकोतारे, लेकरंबाळं सगळी 'कॉब्लर्स' म्हणून ओरडतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. आमच्या धंद्याचं नाव मी लहानपणी ऐकलं ते भांडणात, शिवी म्हणून.

कॉब्लर म्हणजे जुना जोडा दुरुस्त करणारा. नवा जोडा बनवणारा तो कॉर्डवेनर. स्पेनमधल्या कॉर्डोबाचं कातडं नावाजलेलं, त्यावरून हा शब्द आला. लंडनमध्ये पूर्वी दोघांची कामं नियमानं वेगळी केलेली होती. कॉब्लरनं जुन्याच कातड्यावर काम करायचं. म्हणजे उतरंड इथंही होती. पण कॉब्लरचा पोरगा सुतारकाम शिकला की तो सुतार. मी इंजिनिअर झालो, तरी गावाकडं माझी ओळख आण्णांच्या धंद्यावरूनच सांगतात. तिथं तो शब्द हाताला नाही, जन्माला चिकटलेला आहे.

इंग्रजीनंही या कारागिराला मान दिला असं नाही. कसंबसं जुळवून उभं केलेल्या कामाला 'कॉबल्ड टुगेदर' म्हणतात. 'दॅट्स कॉब्लर्स' म्हणजे निव्वळ बकवास. लंडनच्या यमकी बोलीत 'कॉब्लर्स ऑल्स', म्हणजे मोच्याच्या आऱ्या, हे एका अश्लील शब्दाशी जुळवलं. पुढं आऱ्या गळाल्या आणि बिचारा कॉब्लर तेवढा उरला. (अमेरिकेत कॉब्लर मागितलात तर ताटात फळांवर पीठ घालून भाजलेला गोड पदार्थ येईल.)

आपली 'चांभारचौकशी' तसलीच. कुणी सहज बोलून गेलं तरी मला ती लागते. आण्णा गिऱ्हाइकाला टाच कुठं घासते याच्यापलीकडं काही विचारत नसत. मी तो शब्द सोडलाय; तुम्हीही सोडावा, असं मनापासून वाटतं.

परवा व्हिडिओ कॉलवर आण्णांना हे सगळं सांगितलं. क्लबचं नाव त्यांनी दोनदा म्हणायला लावलं.

"आन् तिथं सगळेच वरडतेत?"

"सगळेच, आण्णा."

मग घराजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात काढलेला आरीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ नेला.

"मूठ आपल्यासारखीच हाय. नोक सरळ हाय का वाकडी? फोटोत दिसंना."

शनिवारी दुकानात जाऊन बघून येतो.