एसी लावला की गरम होत नाही

दर्यापूरकडे रस्त्यावरच माझं गॅरेज आहे, २० वर्षं झाली. ही केस मागच्या मे महिन्यातली, पण डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतोय.

गाडी सात सीटर पेट्रोल व्हॅन. मालक स्वतःच भाडं मारतो, आणि आठवड्यातून दोनदा गावातल्या एका आजीला डायलिसिसला अमरावतीला नेतो-आणतो. गाडी दोन महिन्यांत तीनदा गरम झालेली. टेम्परेचर सेन्सर दोनदा बदलला होता, रेडिएटर धुवून झालं होतं, एकानं तर थर्मोस्टॅट वॉल (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारा) काढून फेक म्हणून सांगितलं होतं, नशीब यानं ऐकलं नाही. आपल्याकडे गाडी गरम झाली की पहिले हा वॉल काढायचा रोगच आहे.

माझ्याकडे सकाळी ७ ला घेऊन आला. चावी देता देता म्हणाला, "दादा, एक गोष्ट हाय, एसी लावला का गरम नाही होत, बंद केला का होते." मी म्हटलं, "उलटं असते रे बाबा, एसीनं इंजिनवर लोड वाढते, तुले भास होत असन." मालक रोज गाडीत बसतो, त्याचं ऐकून घ्यायला मला दोन मिनिटं जड झाली.

गाडीच्या कॉम्प्युटरला दिसणारे आकडे दाखवणारा स्कॅनर लावला. इंजिन थंड, बाहेर ३० डिग्री, स्कॅनर २८ दाखवतोय, म्हणजे सेन्सर बरोबर. एसी लावला, रेडिएटरचा पंखा फिरला, म्हणजे मोटर, रिले, फ्यूज बरोबर. होजची एक क्लिप पाझरत होती ती कसली, पाणी भरलं, १५ मिनिटं एसीवर चालू ठेवली आणि ओके म्हणून देऊन टाकली. २०० रुपये घेतले.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन. डायलिसिस झाल्यावर आजीला थंडी वाजते, म्हणून येताना हा एसी बंद ठेवतो. वाटेत एका गावचा बाजार, गर्दीत गाडी पहिल्या गिअरवर, पंखा लागलाच नाही आणि बोनेटमधून वाफ. टेम्परेचरचा काटा तोवर मधातच. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधात धरून ठेवतात, ७५ असो की १००, तो हलत नाही, आणि लोक बिचारे त्याच्या भरोशावर चालवतात. मी शेजाऱ्याची गाडी घेऊन पोचलो तेव्हा आजी दीड तासापासून कडुनिंबाखाली बसलेली, हाताला पट्टी, पदर डोक्यावर, ४५ डिग्रीत. मला काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दुपारी १ ला काम धरलं, उन्हात, एसी बंद. टेम्परेचर गन चकचकीत अॅल्युमिनियमवर मारली तर कमी दाखवते, म्हणून वॉलच्या हाऊसिंगवर काळी टेप चिकटवली आणि त्यावर मारली, १००. स्कॅनर म्हणतो ७९. आता वॉलवर ८२ लिहिलेलं, म्हणजे ८२ पर्यंत तो उघडतच नाही, तो जागेवर आहे, गाडी उन्हात उभी, आणि पाणी ७९ च्या वर जातच नाही हे होऊच शकत नाही. हा आकडा आधीच्यांनीही पाहिला असेल, पण स्कॅनरवर लाल कोड आला नाही की आमचे लोक पुढं डोकंच लावत नाहीत.

सेन्सर काढून उकळत्या पाण्यात धरला, मीटर लावला, १९० ओहमच्या आसपास. चोख. म्हणजे मूळचा आणि नंतरचे दोन, तिन्ही सेन्सर चांगलेच असणार, त्या माणसाचा पैसा फुकट गेला. मंग सेन्सरच्या जागी कपलरमध्ये (वायरच्या टोकाचा सॉकेट) १८० ओहमचा रेझिस्टर टाकला (मोबाईल रिपेअरवाल्याकडून आणून डबीत ठेवलेले असतात, रुपया-दोन रुपयाची वस्तू). स्कॅनरवर १०० च्या वर दिसायला पाहिजे, दिसले ८०. म्हणजे गडबड वायरमध्ये, आणि हिशोब केला तर साधारण १५० ओहम कुठंतरी जास्तीचे येत होते.

इथं मला सगळं उमगलं. हा सेन्सर गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. ३० डिग्रीला १७०० ओहम, १०० ला १९० च्याही खाली. इसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, पाणी काही दिसत नाही, त्याला फक्त ओहम कळतात. सकाळी १७०० मध्ये १५० मिसळले तर दोन डिग्रीचा फरक, कोणाच्या लक्षातही येत नाही. पण १९० मध्ये १५० मिसळले की सरळ २० डिग्री कमी. पंखा लागायला ९६ दिसावे लागतात, ते दिसायला इंजिन १४० च्या वर गेलं असतं. एसी लावला की मात्र इसीएम तापमान न पाहता पंखा चालवतो. मालक अक्षरशः बरोबर सांगत होता.

वायर सोलत गेलो तर बॅटरीखाली जॉइंट. उंदरानं कुरतडली असेल, कोणीतरी दोन टोकं नुसती पिळून टेप गुंडाळलेली, ना कथिल ना स्लीव्ह. आत तांबं हिरवं पडून भुसा झालेलं. आणि त्याच्या बरोबर वर ती क्लिप, जिला मी पाना लावला होता. हा खारपाण पट्टा, इथलं बोअरचं पाणी आपण तोंडात धरू शकत नाही आणि रेडिएटरमध्ये बिनधास्त ओततो. ते महिनोन्महिने त्या जॉइंटवर ठिबकत होतं. क्लिप कसताना माझा हात तिथून वीतभर दूर होता.

नवा तुकडा टाकून कथिल मारलं, स्लीव्ह चढवली, पाणी काढून कूलंट भरलं. झाकण उघडून पाहिलं, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, म्हणजे हेड गॅसकेट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) वाचलं होतं. भर उन्हात ४० मिनिटं एसी बंद ठेवून चालवली, ९६ ला पंखा लागला, ९० ला बंद, तीनदा. पैसे घेतले नाहीत, आधीचे २०० पण परत दिले, तो नको नको म्हणत होता.

पुढच्या डायलिसिसच्या दिवशी परत येताना त्याला गॅरेजसमोर थांबवलं. आजी मागं शाल पांघरून, एसी बंद. स्कॅनर लावून बोनेटपाशी उभा राहिलो. ९४, ९५, ९६, पंखा लागला. बंद होऊन पुन्हा लागेपर्यंत मी हललो नाही. मागून आजीचा आवाज आला, "झालं का रे बाप्पा? मले घरी जाऊ दे आता."